शिफ्ट सांभाळून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा: आयटीआय करून नोकरीला लागलेल्यांसाठी

दहा एचपीची मोटर, स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे आधी स्टार जोडणीत चालू करून मग डेल्टात नेणारा. मोटर जादा करंट घेऊ लागली की ती बंद पाडणारा ओव्हरलोड रिले किती ॲम्पिअरला लावायचा? भोसरीत मेंटेनन्सला लागलो त्या पहिल्याच महिन्यात आमच्या जुन्या वायरमनकाकांनी शिकवलं, "एचपीला दीड ॲम्पिअर धर. झाले पंधरा. त्याचे अठ्ठावन्न टक्के कर आणि पावणेनऊच्या आसपास लाव." पुढची सहा वर्षं मी तसाच लावत आलो. मोटर कधी जळली नाही. पण अठ्ठावन्नच का, साठ का नाही, हे काकांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

उत्तर मिळालं संध्याकाळच्या कॉलेजात, दुसऱ्या वर्षी. डेल्टा जोडणीत लाइनचा करंट फेजच्या करंटच्या रूट ३ पट असतो. आपल्या पॅनेलमध्ये रिले बसतो मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, म्हणजे फेजच्या वाटेवर. म्हणून १५ भागिले १.७३२, उत्तर ८.६६. एक भागिले रूट ३ म्हणजे ०.५७७, तेच काकांचे अठ्ठावन्न टक्के. वर्गात मला हसू फुटलं आणि सरांनी उभं केलं.

आयटीआय करून कामाला लागलेल्या माणसाच्या हातात अर्धा अभ्यासक्रम आधीच असतो. तरीही आमच्या बॅचमधले कितीतरी जण मधेच गळाले. त्यातले फार थोडे अभ्यास जमला नाही म्हणून गेले. बाकीच्यांना अडवलं ते शिफ्ट, येण्याजाण्याचं अंतर आणि पहिल्या वर्षाचं गणित या तीन गोष्टींनी. त्यामुळे या लेखातही जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

प्रवेशाआधी मंजुरीपत्र बघा

पूर्वी याला सरळ ‘पार्ट टाइम डिप्लोमा’ म्हणत. माटुंग्याची व्ही.जे.टी.आय. १८८७ सालची. तिथेही नोकरदारांसाठी असे वर्ग वर्षानुवर्षं चालत. जुन्या ठेकेदारांच्या पाट्यांवर नावापुढे ‘एल.ई.ई.’ लिहिलेलं दिसतं, ती त्या काळातली इलेक्ट्रिकलची पदविका. २०२३-२४ पासून ए.आय.सी.टी.ई.ने, म्हणजे तंत्रशिक्षणाला मंजुरी देणाऱ्या केंद्रीय परिषदेने, ‘वर्किंग प्रोफेशनल्स’ या नावाने वेगळी सोय केली आहे. तिची मुख्य अट किमान एक वर्षाच्या पूर्णवेळ नोकरीची, शिवाय नोकरीचं ठिकाण संस्थेपासून ठरावीक अंतराच्या आत हवं. वर्ग संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी, संस्थेच्या सोयीने. नाव कोणतंही असो, स्वायत्त संस्था सोडल्या तर परीक्षा एम.एस.बी.टी.ई.ची, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची असते आणि प्रमाणपत्रही मंडळाचंच मिळतं.

कॉलेजात गेल्यावर माहितीपुस्तिका बाजूला ठेवा आणि ए.आय.सी.टी.ई.चं चालू वर्षाचं मंजुरीपत्र मागा. त्यात तक्ता असतो: अभ्यासक्रमाचं नाव, पातळी, पूर्णवेळ की अर्धवेळ, जागा किती, संलग्नता कोणाची. तुम्हाला जो कोर्स सांगितला तो त्या तक्त्यात त्याच नावाने दिसला पाहिजे. ‘पूर्णवेळला नाव घालू, हजेरीचं आम्ही बघतो’ असं कोणी म्हणालं तर चहा पिऊन परत या. त्या कागदावर तुम्ही एकाच वेळी कारखान्यातही हजर असता आणि कॉलेजातही. पुढे सरकारी भरतीत अनुभवाचा दाखला आणि गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या की ते उघडं पडतं.

दुसरा सापळा घरबसल्या अभियांत्रिकीचा. मलाही एका एजंटाने बाहेरच्या राज्यातल्या विद्यापीठाचा दूरस्थ डिप्लोमा ‘दीड वर्षात हातात’ म्हणून देऊ केला होता. ३ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने ओडिशाच्या एका प्रकरणात निकाल दिला आणि काही अभिमत विद्यापीठांनी मंजुरीशिवाय दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्या अडचणीत आल्या. नोकरी करत पैसे भरून शिकलेल्या लोकांना पुन्हा परीक्षेला बसायची वेळ आली. ज्या विषयात हात लावून मोजायचं असतं तो टपालाने शिकता येत नाही, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला कोणी सांगायला नको.

आयटीआयवाल्यांना आणखी एक वाट आहे. दहावी आणि दोन वर्षांचा संबंधित ट्रेड झाला असेल तर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. एक वर्ष वाचतं. त्याची किंमत काय ते पुढे गणिताच्या भागात येईलच.

शाखेचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे

इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, आणि दोन्ही मिळून इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स. मोटर, ट्रान्सफॉर्मर, सबस्टेशन, पॅनेल यांत दिवस जात असेल तर इलेक्ट्रिकल. ड्राइव्ह, पी.एल.सी., सेन्सर यांतच हात असेल तर जोडशाखा उपयोगी पडते. पण आधी स्वतःला विचारा की प्रमाणपत्र कुठे दाखवायचंय. महावितरणच्या भरतीत किंवा सुपरवायझर प्रमाणपत्रासाठी कोणत्या शाखा चालतात ते जाहिरातीत लिहिलेलं असतं. मागच्या एकदोन जाहिराती काढून शब्द ताडून बघा. आवड टेलिकॉमची आणि डोळा सबस्टेशनवर, असं केलेला आमचा एक मित्र छाननीतच बाद झाला.

हजेरीचं गणित

कॉलेजचं नाव, इमारत, निकाल, हे सगळं नंतर. आधी कंपनीचं गेट ते वर्गाचं दार हे अंतर संध्याकाळी सहाच्या गर्दीत एकदा जाऊन मोजा. रविवारी मोजू नका. चाकणहून नाशिक फाट्यापर्यंत रविवारी लागणारा वेळ आणि सोमवारी संध्याकाळी लागणारा वेळ या दोन वेगळ्या जगातल्या गोष्टी आहेत. वर्ग सहाला असेल आणि तुम्ही रोज पावणेसातला पोचणार असाल तर पहिला तास गेला. तो नेमका ज्या विषयाचा असेल त्यात तुमची केटी, म्हणजे नापास होऊन विषय मागे राहणं, ठरलेलं.

मग शिफ्ट. आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या कारखान्यात सेकंड शिफ्ट दर तिसऱ्या आठवड्याला येते. त्या आठवड्यात संध्याकाळचे वर्ग बुडतात. तीनपैकी दोन आठवडे तुम्ही एकही दिवस न चुकता हजर राहिलात तरी हजेरी भरते ६६.६७ टक्के. अट आहे ७५ टक्क्यांची. आजारपण, लग्नकार्य, गावची जत्रा यांतलं काहीही न धरता तुम्ही डिटेन लिस्टमध्ये, म्हणजे परीक्षेला बसू न देण्याच्या यादीत. हा हिशेब प्रवेशाच्या दिवशी कोणी करत नाही, मीही केला नव्हता. पहिल्या सेमिस्टरला यादीत नाव लागल्यावर केला.

यावर सर्वात चाललेला तोडगा म्हणजे अदलाबदल. नाईट कोणालाच नको असते, विशेषतः घरी लहान मूल असलेल्यांना. तुमच्या सेकंडच्या बदल्यात त्यांची नाईट घ्या. वर्गातून साडेनऊला सुटायचं, डबा खायचा, बाराला गेटवर पंच. सकाळी झोप. आठवडाभर अंग मोडून येतं, पण हजेरी वाचते. ही अदलाबदल तोंडी ठेवू नका. सुपरवायझरला आधी भेटा, कोणत्या महिन्यांत वर्ग आणि कोणत्या महिन्यांत परीक्षा हे लिहून द्या, सहमती असलेल्या दोघांच्या सह्या घ्या. सुपरवायझरला एकदाच सगळा कार्यक्रम कळला की तो सहसा नाही म्हणत नाही. रोज नवी सवलत मागायला गेलात की वैतागतो.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात अजून एक गंमत आहे. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. बाकी सगळे घरी आणि मेंटेनन्सवाला मात्र शटडाउनच्या कामावर, कारण पॅनेल साफ करायला, लग आवळायला, ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासायला मशिनं बंद मिळतात ती गुरुवारीच. म्हणून गुरुवार अभ्यासाचा दिवस धरू नका. ज्याने धरला त्याचा अभ्यास झाला नाही.

कागदपत्रं

दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आयटीआयचं प्रमाणपत्र, जात आणि नॉन-क्रीमीलेअर लागत असेल तर तेही. ते सगळ्यांनाच माहीत असतं. अडतं ते अनुभवाच्या दाखल्यावर. कंत्राटी कामगाराला कंपनी दाखला देत नाही, कंत्राटदाराला द्यावा लागतो, आणि कंत्राटदार दोन वर्षांत बदलतो. म्हणून दर वर्षी एक दाखला लेटरहेडवर, तारीख आणि कामाच्या स्वरूपासह घेऊन ठेवा. जोडीला पी.एफ.चं पासबुक छापून ठेवा, त्यातल्या महिन्यांच्या नोंदीवर कोणी वाद घालत नाही.

सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल तर प्रवेश घेण्याआधी लेखी परवानगी घ्या. नंतर घेतलेली परवानगी आणि परवानगीशिवाय मिळवलेला डिप्लोमा, दोन्ही सेवापुस्तकात नोंदवताना त्रास देतात.

गणित, आणि तो ‘जे’

थेट दुसऱ्या वर्षाला गेलात तर पहिल्या वर्षाचे दोन्ही गणिताचे पेपर चुकतात, त्याचा आनंद होतो. मग तिसऱ्या सेमिस्टरला सर्किट्सचा तास सुरू होतो आणि फळ्यावर इम्पिडन्स, म्हणजे एसी सर्किटमधला एकूण अडथळा, ‘३ अधिक जे ४’ असा येतो. आयटीआयमध्ये आपण रेझिस्टन्स ओममध्ये मोजलेला असतो, त्यात हा ‘जे’ कुठून आला ते कळत नाही. बरेच जण इथेच वही मिटतात.

घाबरण्यासारखं त्यात काही नाही. ‘जे’ म्हणजे काटकोनात वळा. तीन पावलं पूर्वेला, चार पावलं उत्तरेला, सरळ अंतर पाच. रेझिस्टन्स पूर्वेला, कॉइलचा रिॲक्टन्स उत्तरेला. २३० व्होल्टला करंट किती? २३० भागिले ५, म्हणजे ४६ ॲम्पिअर. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा, किती? ३ भागिले ५, म्हणजे ०.६. पॅनेलवरचा पॉवर फॅक्टर मीटर जे दाखवतो तेच हे.

परीक्षेत चालणारा साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर पहिल्याच आठवड्यात घ्या आणि तोच शेवटपर्यंत वापरा. कॅसिओ एफएक्स-९९१एमएस असेल तर ‘पोल’ हे बटण शोधा. पोल, कंसात ३ स्वल्पविराम ४, बरोबर दाबलं की ५ येतं. मग ‘आरसीएल’ आणि ‘एफ’ दाबलं की कोन येतो, ५३.१३ अंश. आकडा विचित्र आला तर कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये आहे, आधी डिग्रीत आणा. हे एक बटण हाताला बसलं की सर्किट्समधली निम्मी गणितं सुटतात.

बाकी गणितासाठी माझा सल्ला असा की प्रवेश मिळायच्या आधीचे दोन महिने दहावीचंच पुस्तक उघडा. अपूर्णांक, सूत्र उलटं फिरवणं, त्रिकोणमिती, घातांक. डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन शिक्षक शिकवतात. सूत्रातून करंट एका बाजूला कसा काढायचा हे शिकवायला कोणाला वेळ नसतो, आणि गुण तिथेच जातात.

पेपर कसा सोडवायचा

चाचण्यांचे ३० आणि लेखीचे ७० धरून १०० पैकी ४० ला पास. नोकरदार लेखीत जेवढे घालवत नाही तेवढे चाचणीत घालवतो, कारण चाचणीच्या दिवशीच कॉम्प्रेसर बंद पडतो. माझा एक विषय असाच गेला. चाचणीच्या संध्याकाळी मुख्य फीडरची केबल फुटली, मी खड्ड्यात उतरलो होतो, आणि कॉलेजने पुन्हा चाचणी घेतली नाही. राग धरण्यात अर्थ नव्हता. पुढच्या वेळेपासून चाचणीच्या दिवशी मी सरळ रजा टाकू लागलो. वर्षातल्या रजा परीक्षांसाठीच असतात असं आधीच ठरवून टाका, आणि गणपतीला घरच्यांना तसं सांगा.

७० गुणांच्या पेपरचा साचा बरीच वर्षं ठरलेला आहे. पहिल्या प्रश्नात दोन-दोन गुणांचे पाच. दुसरा, तिसरा, चौथा यांत चार-चार गुणांचे प्रत्येकी तीन. पाचवा आणि सहावा यांत सहा-सहा गुणांचे प्रत्येकी दोन. बहुतेक ठिकाणी पर्याय असतात. मंडळाच्या संकेतस्थळावर जुने पेपर आणि त्यांची मॉडेल उत्तरं मिळतात. ती उत्तरं वाचताना चार गुण कशाला दिलेत ते बघा: आकृतीला किती, स्पष्टीकरणाला किती. आपण आयुष्यभर सर्किट डायग्राम वाचत आलोय, त्यामुळे आकृतीचे गुण आपल्या हक्काचे. फक्त फूटपट्टीने काढा आणि नावं घाला. काम माहीत असतं म्हणून आपण नावं घालायचं विसरतो.

इंग्रजीची धास्ती असेल तर संस्थेत मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्याय आहे का ते प्रवेशाच्या वेळीच विचारा. नसला तरी फार बिघडत नाही. ट्रान्सफॉर्मर, इन्सुलेशन, अर्थ फॉल्ट हे शब्द आपण रोज बोलतो. उत्तरात लागतात ती छोटी, सरळ वाक्यं. ओरलला मात्र जे केलंय तेच सांगा. एका बाहेरच्या परीक्षकाने मला मेगरबद्दल, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या यंत्राबद्दल, विचारलं, मी ओल्या मोटरचं रीडिंग कसं हळूहळू चढलं ते सांगत सुटलो, आणि पुढचे दोन प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत.

जर्नल आणि सबमिशन साठवू नका. प्रॅक्टिकल झालं त्याच आठवड्यात सही. पहिल्या वर्षाचे विषयही अडकवून ठेवू नका, कारण पुढच्या वर्षाला जाताना मागचे किती विषय राहिलेले चालतात याचे नियम कडक आहेत. ते सूचनाफलकावरून ऐकीव न घेता स्वतः वाचा.

कारखान्यातली वही

पूर्णवेळ मुलांना जे मिळत नाही ते तुमच्याकडे आठ तास असतं. एक शंभर पानी वही करा आणि रोज एकच मशीन घ्या. नेमप्लेट उतरवा, टाँग टेस्टरने, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा लावायच्या मीटरने, चालू करंट मोजा, घरी जाऊन गणिताने काढा.

पुन्हा तीच दहा एचपीची मोटर घेऊ. दहा एचपी म्हणजे ७.४६ किलोवॅट, पण हे शाफ्टवर मिळतं. कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर आत जातात ८.४८ किलोवॅट. त्याला रूट ३ गुणिले ४१५ गुणिले पॉवर फॅक्टर ०.८ ने भागा. उत्तर १४.७ ॲम्पिअर. ‘एचपीला दीड’ या काकांच्या हिशेबाने १५. टाँग टेस्टर १२ दाखवत असेल तर मोटर पूर्ण भारावर नाही, किंवा कुठेतरी कपॅसिटर जोडलेला आहे.

तो कपॅसिटर बघा. पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९५ करायला या मोटरला साधारण साडेतीन केव्हीएआरचा कपॅसिटर लागतो. लाइनचा करंट १४.७ वरून १२.४ वर येतो. आता समजा मोटर डीओएल स्टार्टरवर आहे, म्हणजे स्टार-डेल्टा नाही, थेट लाइनवर, आणि रिलेतून लाइनचा पूर्ण करंट जातो. मोटरकडे जाणारा करंट मात्र १४.७ च राहतो. कपॅसिटर ज्या जागी जोडलाय तिच्या मागच्या, सप्लायच्या बाजूच्या केबलमध्येच तो कमी झालेला असतो. कपॅसिटर रिलेच्या पुढे, मोटरच्या टर्मिनलवर जोडला असेल तर रिलेला १२.४ च दिसतात, आणि तुम्ही तो १५ ला ठेवला असेल तर मोटर तापून वास येईपर्यंत रिले शांत बसेल. सेटिंग खाली आणावं लागतं. हे मी एका जळक्या मोटरसमोर उभं राहून शिकलो. स्विचगिअरच्या पेपरात हाच प्रश्न आला तेव्हा पुस्तकाची गरज पडली नाही.

प्रोजेक्टही कारखान्यातूनच काढा. मोठ्या औद्योगिक ग्राहकांचं वीजबिल आता केव्हीएएचवर (व्होल्ट, करंट आणि तास यांच्या हिशेबावर) येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की बिल थेट फुगतं. बारा महिन्यांची बिलं मागा, लेखा विभाग खळखळ करेल, मॅनेजरची सही न्या. कपॅसिटर पॅनेलमधले किती युनिट खरंच करंट घेतात ते मोजा. जुन्या पॅनेलमध्ये मेलेले कपॅसिटर सापडतातच. एवढ्यावर चांगला प्रोजेक्ट उभा राहतो आणि मॅनेजरच्या टेबलावरही ठेवता येतो.

मात्र शिकायचं म्हणून चालू पॅनेलमध्ये हात घालायचा नाही. मोजणी टाँग टेस्टरने, बाहेरून, परमिट असेल तरच. आत काही उघडायचं तर सप्लाय बंद, कुलूप, टॅग, आणि टेस्टरवर विश्वास न ठेवता मीटरने तिन्ही फेज तपासून.

निकाल लागल्यावर

प्रमाणपत्राची वाट बघू नका. शेवटच्या सेमिस्टरची गुणपत्रिका हातात आली की त्याच आठवड्यात तिची प्रत एच.आर.ला पोच घेऊन द्या आणि तुमच्या फाइलवर शिक्षण बदलल्याची नोंद करून घ्या. बढतीची यादी कधी निघेल ते आपल्या हातात नसतं, नोंद असते.

दुसरं काम इलेक्ट्रिकल सुपरवायझरच्या प्रमाणपत्राचं. राज्याच्या विद्युत निरीक्षक यंत्रणेकडे, म्हणजे अनुज्ञापक मंडळाकडे, त्याचा अर्ज करावा लागतो. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा आणि अनुभव असेल तर वायरमनला द्यावी लागणारी वेगळी परीक्षा टळू शकते. अनुभवाचे जे दाखले वर्षागणिक जमवायला सांगितले ते इथेच लागतात. पुढे स्वतःचा ठेका घ्यायचा असेल तरी याच प्रमाणपत्रापासून सुरुवात होते.

पदवी करायची असेल तर डिप्लोमाच्या गुणांवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहे, खुल्या गटाला किमान ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के. अजून तीन वर्षं. माझ्या घरी हा विषय निघाला तेव्हा बायकोने वीजबिल समोर ठेवलं आणि म्हणाली, आधी हे भरून या. मी अजून अर्ज केलेला नाही.